हृषीकेशचा 'ह' गाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बाळांची नावे आणि त्यांचे अर्थ असे सदर येते. त्यात 'ऋ' या अक्षराखाली 'ऋषिकेश : ऋषींचा ईश्वर' अशी नोंद आली आहे. यात नावही चुकले आहे आणि अर्थही. मूळ नाव 'हृषीकेश'. त्यात ऋषी नाहीत. ही चूक एकट्या आपल्या सदराची नव्हे. नावांच्या छापील पुस्तिकांत, मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांत, बारशाच्या हॉलमधल्या फलकांवर ती सर्रास दिसते. पण वर्तमानपत्रात छापून आलेल्या यादीचे कात्रण घरात जपून ठेवले जाते आणि त्यावरूनच जन्मनोंदणीचा अर्ज भरला जातो. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत.

नावाची फोड 'हृषीक + ईश' अशी आहे. हृषीक म्हणजे इंद्रिय. अमरकोशात, म्हणजे संस्कृतातल्या जुन्या समानार्थी शब्दांच्या कोशात, 'हृषीकं विषयीन्द्रियम्' असे स्वच्छ दिले आहे. हृषीक, विषयी आणि इंद्रिय हे तिन्ही शब्द तिथे एका अर्थाचे म्हणून शेजारी बसवले आहेत. शब्दाच्या मुळाशी 'हृष्' हा धातू आहे. आनंदणे, थरारणे, अंगावर काटा उभा राहणे हे त्याचे अर्थ. हर्ष, हर्षित, हृष्टपुष्ट हे आपल्या रोजच्या वापरातले शब्द त्याचेच. या धातूला 'ईकन्' हा उणादी (धातूपासून नाम घडवणारा) प्रत्यय लागून हृषीक होते. विषय समोर आला की जी हरखून उठतात ती हृषीके, म्हणजे डोळे, कान, जीभ वगैरे. हा प्रत्यय लागताना 'हृ'चा गुण (म्हणजे 'ऋ'चा 'अर्') होत नाही, म्हणून 'हर्षीक' न होता 'हृषीक' राहते. 'हर्ष'मध्ये मात्र गुण होतो आणि 'हर्' दिसते. दोन्ही शब्द सख्खे भाऊ असून चेहरे वेगळे दिसतात ते एवढ्याचमुळे.

पुढचा भाग संधीचा. 'हृषीक'च्या शेवटी 'अ' आहे, 'ईश'च्या आरंभी 'ई' आहे, आणि अ + ई = ए. म्हणून 'हृषीकेश'. विग्रह 'हृषीकाणाम् ईशः', समास षष्ठी तत्पुरुष. गणेश (गण + ईश), सुरेश (सुर + ईश), दिनेश (दिन + ईश) ही नावे याच साच्यातली. गणेश या नावातून 'णेश' वेगळे काढून कोणी त्याचा अर्थ शोधत बसत नाही. इथे मात्र 'केश' हा ओळखीचा शब्द अवचित तयार झाला आणि वाचणाऱ्याची नजर भलत्याच जागी तुटली.

ईश्वराला 'इंद्रियांचा स्वामी' का म्हणावे, हे गीता उघडली की लक्षात येते. गीतेत हे नाव सात वेळा आले आहे : पहिल्या अध्यायात तीनदा, दुसऱ्यात दोनदा, अकराव्यात आणि अठराव्यात एकेकदा. पहिली पाच ठिकाणे संजयाच्या निवेदनात आहेत. कृष्ण शंख फुंकतो तेव्हा संजय 'पाञ्चजन्यं हृषीकेशो' असे म्हणतो, आणि कृष्ण दोन्ही सैन्यांमध्ये रथ नेऊन उभा करतो तेव्हाही तो हेच नाव घेतो. उरलेल्या दोन ठिकाणी अर्जुन स्वतः कृष्णाला या नावाने हाक मारतो, 'स्थाने हृषीकेश' आणि 'त्यागस्य च हृषीकेश'. आता पहिल्या पाचही ठिकाणी कृष्ण कोणत्या भूमिकेत आहे ते पाहा. तो सारथी आहे, घोड्यांचे लगाम त्याच्या हातात आहेत. कठोपनिषदातले रथाचे रूपक आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे : शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन हा लगाम, 'इन्द्रियाणि हयानाहुः', इंद्रिये म्हणजे घोडे. घोडे आवरणाऱ्याला 'हृषीकेश' म्हणण्यात केवढे औचित्य आहे! समोर अर्जुनाचे हातपाय गळाले आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, 'रोमहर्षश्च जायते' असे तो स्वतःच सांगतो. त्या रोमहर्षातला 'हर्ष' हाही याच 'हृष्' धातूचा. नावातला 'ह' गेला की हा सगळा धागा तुटतो. 'ऋषींचा ईश्वर' या अर्थाला त्या प्रसंगात उभे राहायला जागाच नाही.

नावाची दुसरी व्युत्पत्तीही परंपरेत आहे, आणि ती सांगितली नाही तर जाणकार वाचक आम्हालाच धारेवर धरतील. महाभारताच्या शांतिपर्वात नारायणीय आख्यानात भगवान स्वतःच आपली नावे उलगडून सांगतात. सूर्य आणि चंद्र यांचे किरण हे माझे केश, ते जगाला जागे करतात, ऊब देतात, त्याने जगाला हर्ष होतो, म्हणून मी हृषीकेश. इथे फोड 'हृषी + केश' अशी होते आणि केश म्हणजे किरण. विष्णुसहस्रनामात हे ४७वे नाव आहे ('अप्रमेयो हृषीकेशः पद्मनाभोऽमरप्रभुः'). त्यावरच्या शांकरभाष्यात दोन्ही अर्थ दिले आहेत, आधी इंद्रियांचा ईश, मग हर्ष देणारे किरणरूपी केश असलेला. आधुनिक कोशकारांपैकी मोनियर-विल्यम्स यांनी 'ज्याचे केस उभारलेले आहेत' असा मूळ अर्थ असण्याची शक्यता नोंदवली आहे. ती फेटाळण्यासारखी नाही. 'हृष्'चा जुना अर्थ काटा येणे, ताठ उभे राहणे असाच आहे आणि लॅटिनमधला भयाने शहारणे या अर्थाचा 'होरेरे' हा धातू त्याच्याच गोत्रातला.

अर्जुनाच्या 'गुडाकेश' या नावातही नेमका हाच पेच आहे. गुडाका + ईश घेतले तर निद्रेचा स्वामी, म्हणजे झोप जिंकलेला, आणि गुडा + केश घेतले तर दाट वळलेल्या केसांचा. गीतेने ही दोन नावे मुद्दाम जोडीने वापरली आहेत : 'एवमुक्तो हृषीकेशो गुडाकेशेन भारत'. एक इंद्रियांचा धनी, दुसरा झोपेचा. या जोडीमुळे 'हृषीक + ईश' हीच फोड आम्हाला जास्त पटते. पण दोनपैकी कोणतीही घेतली तरी 'हृ' हा पहिला वर्ण आणि 'षी' हा दुसरा, यांत काडीचा फरक पडत नाही.

'ऋषिकेश'मधून 'ऋषींचा ईश' निघू शकत नाही. ऋषि + ईश यांचा संधी केला तर दोन सवर्ण स्वर एकत्र येऊन दीर्घ होतात आणि शब्द 'ऋषीश' होतो; कवि + ईश = कवीश, मुनि + ईश = मुनीश, तसेच. मधला 'क' कुठून आला याचे उत्तर त्या व्युत्पत्तीकडे नाही. 'ऋषि + केश' म्हणावे तर अर्थ 'ऋषीचे केस' होतो. संस्कृतात 'ऋषिक' असाही शब्द आहे हे खरे. कनिष्ठ दर्जाचा ऋषी आणि त्या नावाचा देश किंवा तिथले लोक, असे त्याचे अर्थ कोशात सापडतात. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीच्या शिलालेखात 'असिक, असक, मुलक' असे प्रदेश आले आहेत, त्यांतले असिक म्हणजे ऋषिक असे काही अभ्यासक मानतात. तेव्हा 'ऋषिक देशाचा राजा' अशा अर्थाने 'ऋषिकेश' व्याकरणात बसवता येईल. पण पाळण्यात हे नाव घालणाऱ्या कोणाच्याही मनात तो राजा नसतो. त्यांना विष्णूचे, कृष्णाचे नाव हवे असते.

मग 'ह' गेला कसा? याचे उत्तर मराठी उच्चारात आहे. 'ऋ' आपण 'रु' असा म्हणतो, उत्तरेकडे तो 'रि' होतो. शब्दाच्या आरंभी 'ह' आणि त्याला लागून 'रु' आला की आपली जीभ 'ह'ला हलकेच गिळते. 'हृदय' कितीतरी जणांच्या तोंडी 'रुदय' होते. तसे 'हृषीकेश'चे बोलण्यात 'रुषिकेश' झाले. इथवर काही बिघडले नव्हते, बोलीत असे होतच असते. बिघडले ते पुढच्या पायरीवर. हा 'रु' अशुद्ध असावा, मूळ संस्कृत 'ऋ' असणार, अशा समजुतीने कोणीतरी तो 'सुधारून' लिहिला आणि 'ऋषिकेश' तयार झाले. शुद्ध करण्याच्या खटपटीतच ते अशुद्ध झाले.

'षी'चा 'षि' कसा झाला, त्यामागेही एक नियमच आहे. मराठीत सुटा शब्द आपण 'ऋषी' असा दीर्घ लिहितो, पण समासात तो पहिला आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो : ऋषिपंचमी, ऋषितुल्य, ऋषिवर. हा नियम चांगला पाठ असलेल्या माणसाने 'ऋषिकेश' पाहिले की तो 'षि' ऱ्हस्वच ठेवणार. नियम बरोबर लावला, पण भलत्या शब्दाला. इथे 'षी'चा ऋषीशी संबंध नसून तो 'ईक' प्रत्ययातला आहे, म्हणून दीर्घच हवा. 'हृषिकेश' असे अर्धे सुधारलेले रूप छापण्यात बरेच दिसते, तेही याच कारणाने चूक.

उत्तराखंडातल्या गंगाकाठच्या गावाच्या नावामुळे या घोळाला आणखी बळ मिळाले. त्या गावाचे नावही हृषीकेश या विष्णुनामावरूनच आलेले आहे. तिथल्या प्राचीन भरत मंदिरात विष्णूची पूजा हृषीकेश नारायण या नावाने होते. हिंदी उच्चारात 'ह' गळून 'ऋषिकेश' झाले, रेल्वेच्या फलकावर, सरकारी कागदांवर तेच रूढ झाले, आणि साधूंच्या वस्तीमुळे 'ऋषींचे गाव' हा अर्थ लोकांना पटूनही गेला. गावाच्या नावाचे लेखन बदला, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. गावाचे नाव गावाचे. ते पाहून मुलाच्या नावाची व्युत्पत्ती ठरवू नये, इतकेच.

घरच्या घरी खात्री करायला कोश लागतोच असे नाही. संध्येत किंवा पूजेच्या आरंभी आचमन करताना गुरुजी विष्णूची चोवीस नावे म्हणतात. केशवाय नमः पासून मोजत गेले की दहावे नाव येते : श्रीधराय नमः, हृषीकेशाय नमः, पद्मनाभाय नमः. त्यातली पहिली बारा नावे मार्गशीर्षापासून बारा महिन्यांना वाटून दिलेली आहेत, त्या हिशेबाने हृषीकेश भाद्रपदाचा. बारशाच्या दिवशी गुरुजींच्या तोंडी 'हृषीकेशाय नमः' असते आणि त्यांच्याच मागे भिंतीवर थर्माकोलच्या अक्षरांत 'ऋषिकेश' चिकटवलेले असते. हे दोन्ही एकच नाव आहे, हे तिथल्या कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता लिहिण्याच्या चुकांबद्दल, कारण 'ह' ठेवायचे ठरवूनही पुष्कळांचे नाव 'ह्रषिकेश' होऊन बसते. 'हृ' आणि 'ह्र' ही दोन वेगळी अक्षरे आहेत. 'हृ' म्हणजे 'ह'ला ऋकार. हृदय, हृद्य, हृष्ट यांतला. 'ह्र' म्हणजे अर्धा ह आणि पूर्ण र. संस्कृतात ह्रास, ह्रस्व आणि डोह या अर्थाचा ह्रद या शब्दांतला. मराठीत ऱ्हास, ऱ्हस्व असे लिहायची पद्धत असल्याने 'ह्र' आपल्या डोळ्यांना फारसा सरावाचा नाही, आणि बारीक टायपात दोन्ही सारखीच भासतात. 'ह्रदय' लिहिले तर आरंभी डोह दिसतो, हृदय नव्हे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'ह' साठी 'यू'ची कळ आणि लगेच बरोबर-चिन्हाची कळ दाबली की 'हृ' मिळतो. त्याच बरोबर-चिन्हाच्या कळीवर शिफ्टसह 'ऋ' आहे, तिथे घसरगुंडी होते. 'ष' शिफ्ट आणि स्वल्पविरामाने येतो. त्यापुढे 'आर'ची कळ दीर्घ वेलांटी देते आणि 'एफ'ची ऱ्हस्व. उच्चारावरून टाइप करणाऱ्या सोयीत 'एच-आर-यू' दाबले तर बहुधा 'ह्रु' उमटते, म्हणून तिथे सूचनांच्या यादीतून 'हृ' निवडावा लागतो. फलक, पत्रिका किंवा दाखला छपाईला जाण्याआधी चारच गोष्टी पाहाव्यात : ह-ला ऋकार आहे ना, वेलांटी दीर्घ आहे ना, 'ष' पोटफोड्या आहे ना, आणि शेवटचा 'श' शहामृगाचा आहे ना.

जन्मनक्षत्रावरून आद्याक्षर काढणाऱ्या घरांत आणखी एक अडचण होते. अवकहडा चक्रात (नक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर देणाऱ्या कोष्टकात) ऋकाराला वेगळी जागा नाही. 'हृ' हा ह-वर्गात धरतात, म्हणजे पुनर्वसूचे चौथे चरण किंवा पुष्य, रास कर्क. 'ऋ' किंवा 'रु' धरला तर स्वातीचे पहिले चरण, रास तूळ. 'रू' अक्षर आले म्हणून 'ऋषिकेश' निवडणाऱ्यांनी खरे तर कर्क राशीचे नाव तुळेच्या बाळाला दिलेले असते. ज्यांना हे पाळायचे आहे त्यांना 'ऋ'ची खरी नावे पुष्कळ आहेत : ऋत्विज, ऋतुपर्ण, ऋभू, ऋतंभरा, ऋजुता. यातल्या ऋजुताचेही आजकाल 'रुजुता' होते, त्याबद्दल इथेच एक सांगतो. ऋजुता म्हणजे सरळपणा. 'रुज्' हा संस्कृतात मोडण्याचा, दुखण्याचा धातू आहे. रुग्ण, रोग, रुजा हे त्याचे शब्द. मुलीचे नाव सरळपणाच्या धातूवरून उचलून दुखण्याच्या धातूशेजारी कशाला नेऊन ठेवायचे?

आणि 'हर्षल' हे नाव 'हृष्'पासून आले असे जे सांगितले जाते तेही तपासून घ्यावे. संस्कृतात आहे तो शब्द 'हर्षुल', आनंदी वृत्तीचा. मराठीत हर्षल हा ग्रह आहे, आणि त्याला ते नाव १७८१ मध्ये तो शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांच्यावरून मिळाले. नाव गोड आहे, ठेवायला हरकत नाही, पण त्याचा अर्थ देताना ग्रहाचा उल्लेख गाळू नये.

कागदपत्रांबाबत पालकांनी विशेष जपावे. या एका नावाची रोमन लिपीत किमान चार रूपे चालतात. कोणी 'एच-आर-आय' लिहितो, कोणी 'एच-आर-यू', कोणी थेट 'आर-आय' किंवा 'आर-यू'. जन्मदाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधारवर तिसरे अशी स्थिती झाली की पासपोर्टच्या वेळी प्रतिज्ञापत्रांची रांग लागते. आपल्याकडे जन्मदाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत निघतो. अर्जात देवनागरी नाव स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरात, सुटे सुटे लिहावे. नोंदणी करणाऱ्याने रोमनवरून देवनागरी तयार केले तर 'हृ' हमखास बिघडतो, कारण रोमन अक्षरांत हृ, ह्रि आणि ह्रु यांत भेदच उरत नाही. रोमनमध्ये 'आय' घ्यावा की 'यू' हा ज्याच्या त्याच्या उच्चाराचा प्रश्न, दोन्ही चालतील. मात्र आरंभीचा 'एच' ठेवावा आणि एकदा ठरवले की सगळीकडे तेच.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार नाव न घालता जन्म नोंदवता येतो. पहिल्या १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणजे घाईत चुकीचे रूप नोंदवण्यापेक्षा आठ दिवस थांबून नीट लिहिलेले बरे. एकदा लागलेली नोंद दुरुस्त करण्याची सोय कलम १५ मध्ये आहे, पण त्यासाठी पुरावे जोडावे लागतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा म्हणून लागणार आहे, आणि आधारवर नाव फक्त दोनदा बदलता येते. शाळेतल्या नोंदीत दुरुस्ती करायचीच तर ती दहावीच्या परीक्षेच्या अर्जाआधी करून घ्यावी. एकदा बोर्डाच्या प्रमाणपत्रावर नाव उमटले की पुढचे काम फार वाढते.

ज्यांचे नाव आधीच 'ऋषिकेश' किंवा 'रुषिकेश' असे नोंदले गेले आहे त्यांनी ते बदलावे, असा आमचा आग्रह नाही. माणूस स्वतःचे नाव जसे लिहितो तसेच ते आपण बातमीत छापावे. मुद्रितशोधकाने परक्याच्या नावावर कात्री चालवू नये. आमची विनंती आहे ती अर्थ सांगणाऱ्या सदरापुरती. तिथे प्रत्येक नावापुढे देवनागरी रूप, त्याची फोड, मूळ शब्दाचा अर्थ आणि ते कोणत्या ग्रंथात किंवा कोशात येते याची एक ओळ द्यावी. कोशात किंवा ग्रंथात सापडत नसेल तर 'नव्याने घडवलेले नाव' असे लिहावे. नवे नाव घडवणे हा काही अपराध नव्हे. चार नावे कमी छापली तरी चालतील. शंका आली तर वा. शि. आपटे यांचा संस्कृत कोश आणि अमरकोश एवढे दोन ग्रंथ पुरवणीच्या टेबलावर असले की बहुतेक काम भागते.

पुढच्या रविवारी खुलासा छापायचा झाल्यास मजकूर असा देता येईल : 'हृषीकेश (पुं.) : हृषीक (इंद्रिय) + ईश, इंद्रियांचा स्वामी, विष्णूचे, कृष्णाचे नाव, गीता, विष्णुसहस्रनाम. मागील यादीतील ऋषिकेश ही नोंद रद्द समजावी.'

कळावे,
आपले,
संस्कृत व मराठीचे काही शिक्षक आणि मुद्रितशोधक